खालनं कायतरी अडतंय

आत्ती, तुझी जीप विकायची नाही असं मी ठरवलं आहे. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील. दादांना सांगून झालं आहे. गिऱ्हाइकाला सांगितलं तेव्हा त्यानं फोन आपटला. तुला विचारायचं राहून गेलं, पण तू तरी कधी कुणाला विचारून काही केलंस?

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. जलदानाच्या विधीला मंडपात माणूस मावत नव्हता. वंदना झाल्यावर एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. शिस्तीची, कष्टाळू, मायाळू. मायाळू म्हणणाऱ्याला तू कधी पाढे विचारले नसणार. त्यातलं मी इथे काही लिहीत नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. इंजिनाचं काम केल्यापासून जीप का तापते, यावर आपण दोघी तीन वर्षं भांडलो, आणि ते भांडण तू जिंकलीस. हे तुला कळवायला मला उशीर झाला, त्याचा मला माझाच संताप येतो.

ती जुनी डिझेल जीप तू आपल्या गावात, गडमुडशिंगीत आणलीस तेव्हा मी नववीत होते. दादा, म्हणजे माझे वडील आणि तुझे थोरले भाऊ, दारात उभे राहून म्हणाले की मास्तरणीला येष्टी काय वाईट होती. तू पन्नाशीत गाडी शिकलीस. उसाच्या ट्रॉलीसमोरून जीप काढायचीस आणि वर ट्रॉलीवाल्यालाच बाहेर डोकं काढून शाळेतल्या आवाजात सुनवायचीस. तुझी शाळा पन्हाळ्याच्या चढाला, वाघबीळच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत. नोकरी संपली तरी दर रविवारी तू तिथं जातच राहिलीस, चौथीतल्या पोरींना स्कॉलरशिपची तयारी करून घ्यायला. मागच्या बाकावर वह्या, घडीचा फळा आणि भडंगाचा डबा. पावसानं घाटात झाड पडलं म्हणून तू एक रविवार चुकवलास, तर तो पुढचा आठवडाभर बोलून दाखवत होतीस.

त्या चढानंच गाडीचं गॅस्केट, इंजिनातलं पाणी आत अडवणारी पातळ पट्टी, घेतलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. उद्यमनगरात बंडू मिस्त्रींकडे इंजिनाचं हेड उतरवायचं ठरलं. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, वर्गात चाळीस पोरं आणि मी एकटी, त्यामुळे अंगात रग होती. मी तुला म्हणाले, तू घरी बस, मी समोर उभी राहून काम करून घेते. तू एकदम राजी झालीस. इतक्या पटकन तू कधी कशाला राजी होत नसायचीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुला माझा केवढा अभिमान वाटत होता.

गॅरेजला फडकी लागतात म्हणून तू तुझी जुनी हिरवी सुती साडी फाडलीस. सहा चौकोन केलेस. शाळेच्या डस्टरला घालायचीस तशी प्रत्येकाला लाल दोऱ्याची टीप घातलीस. ग्रीस पुसायच्या फडक्याला कोण टीप घालतं, म्हणून मी हसले. तू म्हणालीस, "सहा दिल्यात. सहाच्या सहा परत यायला पायजेत."

पाच परत आली. तू पाटावर मांडून दोनदा मोजलीस. मी म्हणाले, आत्ती, गॅरेजमधली फडकी का कुणी मोजतं, गेलं असेल एखादं वाऱ्यावर. तू पाचांची घडी घालून ठेवून दिलीस.

आणि पहिल्याच रविवारी जीप तापली. वाघबीळ सोडून चढाला लागलीस आणि तिसऱ्या वळणावर काटा लाल रेषेवर गेला. त्या वळणावर एक वाकलेलं आंब्याचं झाड आहे. तिथं चाकाला दगड लावून, बॉनेट उघडून तू अर्धा तास बसलीस. गाडी थंड झाल्यावर पाणी घातलंस आणि वाडीत पोचलीस तेव्हा पुन्हा वाफ. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. वाडीतल्या पोरी इतक्या सरावल्या की जीपचा आवाज आला की घागर भरून रस्त्याला येऊन थांबायच्या. आधी गाडीला पाणी, मग बाईंना पाणी, मग गणित.

मग सुरू झाली माझी विद्वत्ता. रेडिएटरचं झाकण दाब धरत नाही, असं मी सांगितलं, झाकण बदललं. विहिरीच्या पाण्यानं आत क्षार साचतो, हिरवं कूलंट घालायचं, असं सांगितलं. तू नाक मुरडलंस, पण घातलंस. इंजिन गरम होईतो पाणी अडवणारा थर्मोस्टॅट बंडू मिस्त्रींनी आधीच काढून फेकला होता, इथं कोण ठेवतंय म्हणून. मी नवा बसवायला लावला, गाडी तापली. तोही काढायला लावला, तरी तापली. फॅनचा पट्टा ताणला. पाण्याचा पंप बदलला. गॅस्केट पुन्हा गेलं असेल म्हणून रोज सकाळी ऑइलची पट्टी काढून बघितली, पाणी मिसळून ताकासारखं झालंय का; नव्हतं झालं. बंडू मिस्त्रींनी खालच्या तोंडातून उलटं पाणी मारून रेडिएटर धुतला, वरून स्वच्छ धार आली. मी जाहीर केलं की रेडिएटर मोकळा आहे, तिकडं आता बघायचं नाही.

तू मात्र तिकडंच बघत राहिलीस. एकदा घाटात बॉनेट उघडं ठेवून मला गाडीत बसवलंस, उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबायला लावलास आणि स्वतः वाकून बघितलंस. मग मला खाली बोलावलंस आणि खालच्या पाइपवर बोट ठेवलंस.

"खालनं कायतरी अडतंय, रंजे. जोरात फिरवलं की ह्यो पायप आत वडल्यागत हुतोय. सोडलं की परत गोल."

मी म्हणाले, पाइप जुना आहे, रबर मऊ पडलंय. पाइप बदलला. नवा पाइपही तसाच आत ओढला जायचा. तू म्हणालीस की शाळेच्या टाकीत पान पडलं की असंच होतं, तोटी सोडली की पान तोंडाला येऊन बसतं, बंद केली की वर तरंगतं, म्हणून गाडी मंद सुरू असली की सगळं शहाण्यासारखं असतं आणि चढाला लागली की अडतं. उलटं पाणी मारलं तर पान आत जाणारच की, असंही म्हणालीस. प्राथमिक शाळेच्या मास्तरणीनं टाकीच्या तोटीवरून एवढं सगळं बरोबर काढलं. त्यावर मी, डिप्लोमावाली, काय बोलले? "आत्ती, रेडिएटर म्हंजे शाळेची टाकी न्हवं."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला उत्तर सापडत नव्हतं, आणि ज्याला उत्तर सापडत नाही तो दोष द्यायला माणूस शोधतो. दादा तर पहिल्यापासून सांगत होते की बाईमाणसाच्या हातात इंजिन टिकत नाही. बंडू मिस्त्री म्हणायचे, बाई दुसऱ्या गियरवर घाट काढतात, तापणारच. मी एक दिवस सगळ्यांच्या देखत, चहा पिता पिता म्हणाले की आत्ती क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते, गाडी तापते ती तिच्या चालवण्यानं. माझ्या तोंडून आलं म्हणून ते पक्कं झालं. शिकलेल्या पोरीनं सांगितलं म्हटल्यावर संपलंच. नंतर गावात कुणाचीही गाडी तापली की म्हणायचे, बाईंनी चालवली व्हय?

तू हसायचीस. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

मंडपात कुणी तुझ्या जिद्दीबद्दल बोललं, पण त्या काळात तू काय केलंस हे कुणाला माहीत नाही. मागच्या बाकावर पाण्याचे चार कॅन ठेवायला लागलीस. घरून अर्धा तास लवकर निघायचीस, वळणावर थांबायचा वेळ धरून. आंब्याखाली बसून पोरींच्या वह्या तपासायचीस. वरून येणारे गाडीवाले थांबून सल्ला द्यायचे, कुणी म्हणायचं, "मावशी, इका आता." तू म्हणायचीस, "पावणं, तुमी हळू जावा, म्होरं वळान हाय." गाडी तापते म्हणून तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाहीस.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं मला झोप लागत नाही. मागच्या दिवाळीनंतर बंडू मिस्त्री म्हणाले की शेवटचा उपाय म्हणून रेडिएटरची खालची टाकी जोडाची झाळ वितळवून उघडून बघू. मी हो म्हणाले. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे." का, विचारलं तर म्हणालीस, तापू दे, मला सवय झालीया. जी बाई तीन वर्षं खालून अडतंय म्हणून माझ्याशी भांडत होती, ती खालचं उघडायला आल्यावर नको म्हणाली. मला वाटलं, थकलीस.

आणि मग तू गेलीस. तुझं जलदान व्हायच्या आत दादांनी गिऱ्हाईक आणलं. त्यानं जीप टेंबलाईच्या चढावर नेऊन तापवून आणली आणि म्हणाला, रेडिएटर करून द्या, मग नेतो. दादांनी मला पाठवलं. जलदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी रेडिएटर काढून उद्यमनगरात झाळकाम करणाऱ्याकडे नेला. त्यानं खालची टाकी मोकळी केली, आत बोटं घातली आणि काहीतरी ओढून काढलं. गंजानं तांबडं झालेलं, चिखलासारखं लिबलिबीत.

"ताई, ह्यात लुगडं कुणी कोंबलंय?"

मी ते नळाखाली धरलं. गंज निघून गेला तसा हिरवा रंग दिसला आणि कडेला लाल दोऱ्याची टीप. सगळं पुसट झालं होतं, टीप मात्र एका टाक्यानं उसवली नव्हती.

आत्ती, ते मीच कोंबलं होतं. काम चाललं होतं तेव्हा रेडिएटर काढून भिंतीला टेकवला होता, शेजारच्या दुकानात ग्राइंडर सुरू होता आणि लोखंडाचा चुरा उडत होता. उघड्या तोंडात चुरा जाऊ नये म्हणून मी वर एक आणि खाली एक फडकं घातलं. बंडू मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं, "बोळा कोंबलास तर शेपूट भाईर ठेव." त्या गॅरेजात तो एकच कायदा होता. वरच्या फडक्याला मी शेपूट ठेवलं. खालचं व्यवस्थित, घट्ट, नीटनेटकं आत बसवलं, कारण मला नीटनेटकं काम करून दाखवायचं होतं. संध्याकाळी बसवताना मिस्त्रींनी विचारलं, खालचं तोंड मोकळं हाय न्हवं? ते पार टाकीत सरकलं होतं, मला बाहेर काही लोंबताना दिसलं नाही. मी हो म्हणाले.

बंद नळाखाली ते फडकं हातात धरून मी उभी राहिले, आणि तुझं "ऱ्हाऊ दे" मला आठवलं.

तुला कळलं होतं का, आत्ती? सहा फडकी दिलेली, पाच आलेली, आणि खालून काहीतरी अडतंय. एवढी बेरीज तू चौथीतल्या पोरीला घातली असतीस. आणि दिवाळीनंतर मी नुकतीच शिरोलीच्या वसाहतीत एका कारखान्यात लागले होते, मशिनशॉपवर पहिली बाई, आणि तिथला फोरमन बंडू मिस्त्रींचा साडू. मिस्त्रींच्या शब्दावर मला घेतलं होतं. खालची टाकी मिस्त्रींच्या समोर उघडली असती, तर फडकं कुणाचं आणि शेपूट कुणी ठेवलं नाही, हे कारखान्यात दुसऱ्या दिवशी कळलं असतं. पोरीच्या हातात काम टिकत नाही म्हणाले असते. म्हणून तू ते स्वतःवर घेतलंस का? की खरंच थकली होतीस? हे मला आता कोण सांगणार?

कळलं नसेल, तर तुझी माफी मागते. पण कळलं असेल, तर मी तुझ्याशी भांडणार आहे. कुणी सांगितलं होतं तुला? मला चूक झाल्यावर कान धरून सांगणारी तू, सात आठे चुकले तर अख्खा पाढा पुन्हा म्हणायला लावणारी, माझी एवढी मोठी चूक पदराखाली घेऊन घाटात पाणी ओतत बसलीस? माझी नोकरी गेली असती तर गेली असती. मी दुसरी शोधली असती. तुझं नाव गेलं, ते मी कुठून आणू? मी तुझी लेक नाही, पण तू वाढवलेली आहे. चार माणसांत चूक कबूल करता येणार नाही इतकी नाजूक मला तू केली नव्हतीस. तेवढाही विश्वास नव्हता का?

बघ, रडायला बसले की मी भांडायलाच लागते. हेही तुझंच.

जलदानाला सगळे बोलून झाल्यावर मी उठले. दादा खुणेनं बस म्हणत होते. ते हिरवं फडकं मी तुझ्या फोटोपुढच्या टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. क्लचचं मी बोलले होते तेही. बंडू मिस्त्री तिसऱ्या रांगेत होते. ते माझ्याकडं बघत होते, मीही त्यांच्याकडं बघून बोलले. मंडपात कुजबुज सुरू झाली. एक चुलते म्हणाले, आजच्या दिवशी हे कशाला. मी म्हणाले, आजच्याच दिवशी, कारण तुम्ही सगळे एकत्र आहात. बाहेर पडताना मिस्त्री माझ्याजवळ थांबले आणि एवढंच म्हणाले, "शेपूट ठिवायचं गं." ते काही रागावून म्हणाले नाहीत. कारखान्यात अजून कुणी काही बोललेलं नाही. बोललं तर मला तोंड आहे.

काल रविवार होता. रेडिएटर बसवून, हवा काढून, कूलंट भरून मी जीप काढली. वह्या आणि फळा तू ठेवलास तसाच मागे होता. भडंग मी घेतला. दादा शेजारी येऊन बसले, चपला घालून तयारच होते. वाघबीळ सोडलं, दुसरा गियर टाकला, तुझ्यासारखाच. तिसऱ्या वळणावर तुझं आंब्याचं झाड आलं. दादांचा हात दाराच्या कडीवर गेला, दगड लावायला उतरायच्या सवयीनं. कधी नव्हे ते दोनचारदा तुझ्याबरोबर आले होते, तेवढ्यानंही सवय लागली असावी. काटा मध्यावर होता. मी थांबले नाही. दादा मागे वळून झाडाकडं बघत राहिले.

वाडीच्या तोंडाशी पोरी उभ्या होत्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी आवाज ओळखला. दोघींनी मिळून घागर धरली होती. मी खाली उतरले, त्या बॉनेटपाशी गेल्या. वाफ नव्हती. एकीनं बॉनेटला हात लावून बघितला आणि काढून घेतला नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं,

"बाई न्हाईत म्हणून गाडी तापंना झाली व्हय?"

आत्ती, त्या पोरीनं जे बघितलं त्यावरून बरोबर हिशोब केला. तू होतीस तेव्हा गाडी तापायची, तू नाहीस, तापत नाही. तूच शिकवलेली पोर. मंडपात सांगून माझं काम झालं असं मला वाटत होतं. ते झालं नव्हतं. बिनतापता चढ चढून आलेली ती गाडीच आता तुझ्यावर आळ घेत होती, आणि दर रविवारी घेणार होती. मी दादांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

मी फळा काढला आणि शाळेच्या पायरीला टेकवून ठेवला. पोरींना समोर बसवलं. खिशातलं ते फडकं काढून पहिलीच्या हातात दिलं आणि सांगितलं, हातोहात पुढं द्या, टीप बघा.

"न्हाय," मी म्हणाले. "गाडी माझ्यामुळं तापत हुती. बाईंनी शोधून काढलं हुतं. मी ऐकलं न्हाय."

मग फळ्यावर रेडिएटरचं चित्र काढलं. वरचं तोंड, खालचं तोंड. मघाशी विचारणाऱ्या त्या पोरीला उभं केलं आणि विचारलं, सांग, फडकं कुठं अडकलं असेल? तिनं क्षणभर बघितलं आणि खाली बोट ठेवलं.